करेन मजूर घर का सोडतो?

२८ मार्च २०२५ रोजी दुपारी ब्रह्मदेशात मंडाले-सगाईंगच्या परिसरात मोठा भूकंप झाला. तेथून हजार किलोमीटर दूर असलेल्या बँकॉक शहरालाही त्याचे हादरे बसले. उंच इमारती डोलल्या, लोक घाबरून रस्त्यावर आले आणि काही वेळाने आपापल्या कामाला परतले. त्या शहरातील एकच उंच इमारत संपूर्णपणे कोसळली. चतुचक भागात तिचे बांधकाम चालू होते. ती तीस मजल्यांहून उंच होती आणि थायलंडच्या राज्य लेखापरीक्षण कार्यालयासाठी उभी राहत होती. सरकारी खर्चाची पै न् पै तपासणाऱ्या खात्याच्या स्वतःच्याच इमारतीत कोणत्या प्रतीचे पोलाद वापरले गेले, याची चौकशी त्यानंतर सुरू झाली. ढिगाऱ्याखालून नव्वदच्या आसपास मृतदेह निघाले. ते गवंड्यांचे, सळ्या बांधणाऱ्यांचे, घमेली वाहणाऱ्या बिगाऱ्यांचे होते. काहीजण थायलंडच्याच दरिद्री ईशान्य भागातले होते. अनेकजण ब्रह्मदेशातून आलेले.

अशा प्रसंगी मृतांचे वर्णन ‘अधिक मजुरीच्या ओढीने आलेले परदेशी कामगार’ असे केले जाते. हे वर्णन खोटे नाही. पण ते इतके अपुरे आहे की खोट्याचेच काम करते. ब्रह्मदेशातून, म्हणजे आजच्या म्यानमारमधून, थायलंडात येणाऱ्या मजुरांत बर्मी, मोन, शान असे नाना लोक आहेत. त्यांपैकी करेन समाजाची हकीकत नीट पाहिली तर हा माणूस मजुरीच्या ओढीने निघाला की त्याला घरातून ढकलून काढले, याचे उत्तर सापडते. ते उत्तर समाजवादी म्हणवणाऱ्यांना फारसे सुखावणारे नाही, हेही आधीच सांगून टाकलेले बरे.

करेन हा एकजिनसी समाज नव्हे. साल्वीन नदीकाठचे डोंगर, थायलंडच्या सरहद्दीला लागून असलेले करेन राज्य, तेनासरीमचा चिंचोळा पट्टा आणि इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातील भातखाचरे अशा दूरवर तो पसरलेला आहे. त्यात बौद्ध बहुसंख्य आहेत. ख्रिस्ती अल्पसंख्य असले तरी शिक्षणामुळे पुढे आलेले आहेत. सखल भागातला करेन चिखलणी करून भात लावतो. डोंगरातला करेन कोकणात ज्याला कुमरी म्हणत तशी फिरती शेती करतो. एका उताराचा झाडोरा तोडून जाळायचा, राखेत भात पेरायचे आणि मग तो उतार काही वर्षे विश्रांतीला सोडून दुसऱ्या उताराकडे वळायचे. म्हणजे हा मुळात जमीन कसणारा माणूस आहे. शहराची, सिमेंटची, परांचीची त्याला परंपरा नाही.

मजुरीतील तफावत मोठी आहे, हे कोणी नाकारू नये. २०१८ मध्ये म्यानमारने किमान मजुरी दिवसाला ४,८०० क्यात ठरवली. त्याच वर्षी थायलंडातील किमान मजुरी प्रांतागणिक ३०८ ते ३३० बाट होती, म्हणजे त्या वेळच्या विनिमय दराने अडीच ते तीन पट. शिवाय म्यानमारमधला तो दर दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता होता. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या करेन शेतमजुराला त्याचा उपयोग नव्हता. पण या आकड्यांवर सगळे स्पष्टीकरण उभे करणाऱ्यांना एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. ज्याच्याकडे स्वतःची जमीन आहे, बियाणे आहे, रेड्यांची जोडी आहे आणि वर्षभराचे भात कणगीत आहे, असा शेतकरी बायकामुलांना घेऊन, पोलिसांचा ससेमिरा चुकवत, परक्या मुलखातल्या पत्र्याच्या खोपटात राहायला का जाईल? तो जातो याचा अर्थ जमीन, बियाणे, जनावर आणि कणगी यांतले काही ना काही आधीच हातचे गेलेले असते. ते कसे गेले हे विचारले की अर्थशास्त्र संपते आणि राज्यसत्तेचा प्रश्न सुरू होतो.

आधी कणगी. ब्रह्मदेशात कित्येक दशके सरकार शेतकऱ्याकडून सक्तीने भात विकत घेत असे. दर एकरी ठरावीक वाटा सरकारने ठरवलेल्या आणि बाजारभावाहून बऱ्याच खालच्या दराने द्यावा लागे. पीक बुडाले तरी वाटा चुकत नसे. अशा वेळी शेतकरी बाजारातून महाग भात विकत घेऊन सरकारला स्वस्तात घालत असे. १९८७ मध्ये ही पद्धत मागे घेतल्यासारखी केली, १९८९ मध्ये ती पुन्हा आणली आणि ती अखेर बंद झाली २००३ मध्ये. त्यातच सप्टेंबर १९८७ मध्ये लष्करी हुकूमशहा ने विन यांनी २५, ३५ आणि ७५ क्यातच्या नोटा एका फटक्यात रद्द केल्या. भरपाई काहीही दिली नाही. ज्यांची सारी शिल्लक घरातल्या पेटीत होती अशा शेतकऱ्यांच्या हाती कागद राहिले.

मग माणसाचा वेळ. ‘वेठ’ हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. करेन खेड्यातली वेठ ही सैन्याची होती. रस्ता बांधायचा, छावणीला कुंपण घालायचे, सैन्याच्या रबराच्या मळ्यात राबायचे, दारूगोळा आणि तांदूळ पाठीवर घेऊन पलटणीबरोबर डोंगर चढायचे. पेरणीचे दिवस असोत की कापणीचे, हुकूम आला की घरटी एक माणूस गेलाच पाहिजे. हमालांना सुरुंगांच्या वाटेवर सैन्याच्या पुढे चालवण्यापर्यंत मजल गेली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने नेमलेल्या चौकशी आयोगाने १९९८ मध्ये आपला अहवाल दिला. ब्रह्मदेशात सक्तीची मजुरी ही तुरळक आगळीक नसून सर्वत्र आणि पद्धतशीरपणे चालणारी व्यवस्था आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. याच देशाने १९५५ मध्ये सक्तीच्या मजुरीविरुद्धच्या १९३० च्या करारावर मान्यतेची मोहोर उठवलेली होती. २००० साली श्रम संघटनेने आपल्या घटनेतील ३३ वे कलम इतिहासात पहिल्यांदा वापरले, ते ब्रह्मदेशाविरुद्ध. स्वदेशात फुकट राबवला जाणारा माणूस परदेशात निम्म्या मजुरीवर राबायला गेला, तर त्यात त्याची फसगत झाली असे म्हणता येईल का? त्याच्या हिशेबाने शून्यापेक्षा निम्मे मोठेच होते.

आणि शेवटी जमीन. १९६० च्या दशकात सैन्याने बंडखोरांविरुद्ध ‘चार तोड’ नावाचे धोरण आखले. बंडखोरांना मिळणारे अन्न, पैसा, बातमी आणि माणसे हे चारही पुरवठे तोडायचे. हे चारही येतात गावाकडून. म्हणून गावच तोडायचे, असा त्याचा प्रत्यक्षातला अर्थ झाला. गावकऱ्यांना ठरावीक मुदतीत छावणीशेजारच्या कुंपणात येऊन राहण्याचा हुकूम निघे. मुदत संपल्यावर मूळ गावात जो दिसेल तो शत्रू समजला जाई. भाताच्या कणग्या जाळल्या जात, उभी पिके तुडवली जात, वाटांवर सुरुंग पेरले जात. १९९६ नंतरच्या दशकभरात पूर्व ब्रह्मदेशात अशी तीन हजारांहून अधिक गावे उद्ध्वस्त झाली, उठवली गेली किंवा ओस पडली. सुरुंगांची हकीकत तर अजून संपलेली नाही. २०२३ मध्ये सुरुंगांनी मेलेल्या आणि जायबंदी झालेल्या माणसांच्या संख्येत म्यानमारचा क्रमांक जगात पहिला लागला. ज्या शेतात सुरुंग आहे ते शेत कागदोपत्री कोणाचेही असो, कसणाऱ्याचे राहत नाही.

कागदाचीही गोष्ट आहेच. म्यानमारच्या २००८ च्या राज्यघटनेने देशातील सर्व जमिनीची अंतिम मालकी राज्याकडे दिली आहे. २०१२ मध्ये ‘मोकळ्या, पडीक आणि अस्पर्श’ जमिनींविषयी कायदा झाला आणि अशा जमिनी मोठ्या उद्योगांना दीर्घ मुदतीने देण्याची सोय झाली. डोंगरातल्या करेनाने विश्रांतीसाठी सोडलेला उतार सरकारच्या दृष्टीने पडीक ठरतो. पाच-सात वर्षांनी आपली पाळी येईल म्हणून कुटुंब वाट पाहत असते. तेवढ्यात तेथे रबराची रोपे लागतात. २०१८ च्या दुरुस्तीने तर अशी जमीन कसणाऱ्यांना सहा महिन्यांत नोंदणी करण्यास सांगितले. न केल्यास तुरुंग. पिढ्यान् पिढ्या गावाच्या संमतीने जमीन वाटून घेणाऱ्या माणसाला एका कागदाअभावी स्वतःच्या डोंगरात घुसखोर ठरवण्यात आले. बंदुकीपेक्षा कायद्याने केलेली ही बेदखली अधिक शांत असते, आणि म्हणूनच तिच्याकडे बाहेरच्या जगाचे लक्ष कमी गेले.

या सगळ्याची मुळे कोठे आहेत? येथे समाजवाद्यांनी स्वतःच्या घराकडे पाहिले पाहिजे. इंग्रजांनी करेनांची सैन्यात भरती केली, त्यांना बर्मी बहुसंख्यांविरुद्ध वापरले आणि जाताना वाऱ्यावर सोडले, हे खरेच आहे. पण साम्राज्यशाहीवर सगळे खापर फोडून भागत नाही. १९४७ च्या घटनेने शान आणि करेन्नी राज्यांना दहा वर्षांनंतर फुटून निघण्याचा हक्क कागदावर तरी दिला. करेनांच्या राज्याचा प्रश्न मात्र लोंबकळत ठेवला. करेन नॅशनल युनियन १९४७ मध्ये स्थापन झाली होती. १९४८ च्या नाताळात मर्ग्वी भागात सरकारी सशस्त्र दलाने चर्चमध्ये करेनांची कत्तल केली आणि जानेवारी १९४९ अखेर रंगूनच्या वेशीवरच्या इन्सेन येथे युद्धाला तोंड फुटले. त्या वेळी सत्तेवर कोण होते? स्वातंत्र्यलढ्यातून आलेली आघाडी. आणि त्या आघाडीचा कणा होता ब्रह्मदेशाचा समाजवादी पक्ष.

जानेवारी १९५३ मध्ये रंगूनला पहिली आशियाई समाजवादी परिषद भरली. भारतातील समाजवादीही त्या परिषदेला गेले होते. वसाहतवाद, शांतता, आशियाची शेती यांवर तेथे ठराव झाले. परिषदेचे अध्यक्ष बा स्वे हे त्या वेळी ब्रह्मदेशाचे संरक्षणमंत्री होते, आणि ज्या सैन्याचा कारभार त्यांच्याकडे होता ते सैन्य करेनांशी चौथे वर्ष लढत होते. जातीय आणि वांशिक प्रश्न वर्गलढ्यात आपोआप विरघळून जाईल, हा भ्रम त्या पिढीतल्या अनेकांना होता. पुढे मार्च १९६२ मध्ये ने विन यांनी सत्ता बळकावली आणि एप्रिलमध्ये ‘समाजवादाचा ब्रह्मी मार्ग’ जाहीर केला. त्यांच्या पक्षाचे नावच समाजवादी कार्यक्रम पक्ष असे होते. १९६४ पासून दुसऱ्या कोणत्याही पक्षाला मज्जाव झाला. कामगार संघटना मोडल्या, विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या, शेतकऱ्याचे भात हिसकावले आणि याला समाजवाद म्हटले. आज परांचीवर उभ्या असलेल्या वयस्क करेन मजुराला ‘समाजवाद’ हा शब्द उच्चारून दाखवला तर त्याच्या डोळ्यांपुढे भाताची सक्तीची वसुली उभी राहील. त्यात त्याची चूक काय?

नदीपलीकडची बाजूही निष्पाप नाही. नोव्हेंबर १९८८ मध्ये दक्षिण थायलंडात महापूर आला, उघड्या बोडक्या टेकड्यांवरून तोडलेले ओंडके गावांवर कोसळले, आणि जानेवारी १९८९ मध्ये थायलंडने आपल्या जंगलात तोडबंदी केली. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी थायलंडचे सेनापती चवलित रंगूनला जाऊन आले होते. त्याच वर्षी देशभरच्या लोकशाही आंदोलनाचे रक्त सांडून सत्तेवर बसलेल्या राजवटीला सगळे जग टाळत होते आणि ती परकीय चलनासाठी कासावीस झाली होती. सरहद्दीवरच्या सागाचे ठेके थाई कंपन्यांना मिळाले. ते जंगल करेन आणि इतर डोंगरी जमातींचे होते. त्या वेळचे थाई पंतप्रधान चातिचाय यांनी रणभूमीची बाजारपेठ करण्याची घोषणा इंडोचीनसंबंधी केली होती. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर तिचा असा अनुवाद झाला. लाकडासाठी पाडलेल्या रस्त्यांवरून पुढे सैन्याच्या गाड्या आत शिरल्या.

साग हा धंदा तसा जुनाच. १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे-बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा आणि राजा थिबाचा सागाच्या तोडीवरून तंटा झाला. तो तंटा निमित्त करून इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडाले घेतले आणि थिबाला रत्नागिरीस आणून ठेवले. १९१६ मध्ये तो तेथेच वारला. रत्नागिरीचा थिबा पॅलेस पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो वाडा कोणत्या लाकडाच्या हिशेबातून उभा राहिला याची कल्पना असते.

सागानंतर वायू. अंदमान समुद्रातील यादाना क्षेत्राचा नैसर्गिक वायू थायलंडच्या वीजकेंद्रांपर्यंत नेणारी नळवाहिनी १९९० च्या दशकात तेनासरीममधून टाकली गेली. तिच्या रक्षणासाठी आलेल्या सैन्याने गावे उठवली, वेठ घेतली. तेथील गावकऱ्यांनी, त्यांत करेनही होते, १९९६ मध्ये अमेरिकेतील न्यायालयात युनोकल या तेलकंपनीवर दावा लावला. २००५ मध्ये कंपनीने तडजोड केली. बँकॉकचे दिवे ज्या विजेवर लागतात तिच्यासाठी ज्यांची गावे उठली, त्यांच्याच मुलुखातली माणसे त्या दिव्यांखालच्या इमारती बांधायला येतात. साग आला, वायू आला, मग माणूस आला. पहिल्या दोन्हींसाठी दोन सरकारांत करार झाले आणि सलाम झडले. तिसऱ्यासाठी २००३ पर्यंत करारसुद्धा नव्हता.

माणसाचीच इतकी गरज का पडली? १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात थायलंडात बांधकामाचा सुकाळ झाला. तोवर बँकॉकची घरे ईशान्येकडील ईसान भागाचा शेतमजूर बांधत असे. तोच मजूर अरबस्तानात, पुढे सिंगापूर-तैवानला जाऊ लागला. रिकाम्या जागेवर ब्रह्मदेशाचा माणूस आला. भांडवलशाहीची ही शिडी अशीच असते. प्रत्येक पायरीवरचा माणूस वरच्याची जागा घेतो आणि स्वतःची जागा आपल्याहून गरिबाला देतो. आज थायलंडात नोंदलेले ब्रह्मी मजूरच वीस लाखांहून अधिक आहेत. मासेमारी, मासळीचे कारखाने, रबराचे मळे आणि घरकाम यांबरोबरच बांधकाम हे त्यांचे मोठे क्षेत्र आहे. बांधकामावर भाषा लागत नाही, शिक्षण लागत नाही. नवराबायको दोघांना काम मिळते आणि कामाच्या जागेवरच राहायला मिळते. जमीन गेलेल्या कुटुंबाला ही शेवटची सोय फार मोठी वाटते. ती सोय म्हणजे काय हे पाहिले की वाटणे थांबते. पत्र्याच्या खोल्यांची ओळ, एका हौदावर साऱ्यांची आंघोळ, उन्हात तापणारे छप्पर. इमारत पूर्ण झाली की तो तळ मोडतो आणि कुटुंब दुसऱ्या इमारतीच्या पायाशी जाते. मूल शाळेत रुळते न रुळते तोच गाव बदलतो. स्त्री घमेले वाहते, वाळू चाळते, सळ्या बांधते आणि बहुतेक ठिकाणी तिला पुरुषापेक्षा कमी मजुरी मिळते.

मोई नदी ओलांडून म्यावडीहून माए सोत गाठणे अवघड नाही. अवघड आहे तो पुढचा, नाक्यानाक्यावर पोलीस असलेला रस्ता. म्हणून दलाल लागतो. दलालाचे पैसे पुढच्या मजुरीतून कापले जातात; ऊसतोडीच्या उचलीसारखाच हा प्रकार आहे, फक्त येथे उचल मजुराच्या हातीच येत नाही. कामाच्या परवान्यावर मालकाचे नाव असते. मालक सोडला तर ठरावीक मुदतीत दुसरा मालक शोधायचा, नाहीतर परवाना गेला आणि माणूस ‘बेकायदा’ झाला. मजुरीतील कपात, थकवलेला पगार, अपघाताची न मिळालेली भरपाई यांचे मूळ मालकाच्या दुष्टपणात शोधण्याचा मोह होतो. पण दुष्ट नसलेला ठेकेदारही याच चौकटीत फायदा कमावतो. मजुराची बेकायदा अवस्था हीच त्याची मजुरी पाडणारी यंत्रणा आहे. पूर्ण हाकलायचे नाही आणि पूर्ण सामावूनही घ्यायचे नाही, हे त्या धोरणाचे मर्म होय. जून २०१७ मध्ये परवान्याविना मजूर ठेवणाऱ्यास जबर दंड सांगणारा वटहुकूम निघाला. हजारो मजूर धास्तीने सरहद्दीकडे पळाले. बांधकामे ओस पडू लागताच दंडाची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. जून २०२१ च्या अखेरीस साथीच्या काळात बँकॉक आणि भोवतालच्या प्रांतांतील बांधकाम मजुरांचे तळ महिनाभर बंद करून त्यांवर सैनिकांचा पहारा बसवला. रोग सगळ्या शहरात होता, कुलूप मजुरांच्या तळाला लागले.

आणि संघटना? थायलंडच्या १९७५ च्या कामगार संबंध कायद्यानुसार कामगार संघटनेचे संस्थापक आणि कार्यकारिणीचे सदस्य थाई नागरिकच असावे लागतात. परदेशी मजुराला दुसऱ्याने काढलेल्या संघटनेचे सभासद होता येते, स्वतःची काढता येत नाही. ज्या कामावर थाई मजूर जवळजवळ उरलेलाच नाही तेथे याचा अर्थ उघड आहे. समाजवादी कार्यकर्त्याने ही एक गोष्ट मनात नोंदवावी. कारण बाकीचे दैन्य दयेने थोडेफार कमी होऊ शकेल, हे होणार नाही.

करेन नेतृत्वाचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. डिसेंबर १९९४ मध्ये करेन सैन्यातले बौद्ध शिपाई ख्रिस्ती वरिष्ठांविरुद्ध फुटले आणि जानेवारी १९९५ मध्ये त्यांच्याच मदतीने ब्रह्मी सैन्याने मानेरप्लॉ हे करेन चळवळीचे ठाणे घेतले. त्या फुटीमागे सैन्याची कारस्थाने होती. पण खालच्या शिपायाचे गाऱ्हाणेही खरे होते. सागाच्या व्यापारावर करेन सेनानींनीही कर घेतला. अलीकडे म्यावडीजवळ श्वे कोक्को येथे जुगार आणि ऑनलाइन फसवणुकीचे जे नगर उभे राहिले, ते करेनांच्याच सीमारक्षक दलाच्या छत्राखाली. नदीच्या एका काठावर करेन सेनानीचे नगर आणि दुसऱ्या काठावर करेन मजुराचा पत्रा, असे चित्र दिसत असताना वांशिक अन्यायाच्या भाषेत सगळे बसवता येत नाही. वर्ग तेथेही आहे. मात्र या कारणाने मूळ अन्याय हलका होतो असे मानणे हा दुसरा आंधळेपणा ठरेल.

२०१२ मध्ये युद्धबंदी झाली आणि २०१५ मध्ये तिच्यावर देशव्यापी कराराचे शिक्कामोर्तब झाले, तेव्हा काही कुटुंबे परतण्याचा विचार करू लागली होती. १ फेब्रुवारी २०२१ रोजी सैन्याने पुन्हा सत्ता घेतली. २७ मार्च २०२१ रोजी पापुन भागातल्या करेन गावावर विमानांनी बाँब टाकले. त्या भागात वीस वर्षांत असे झाले नव्हते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सक्तीच्या लष्करी भरतीचा कायदा अमलात आणला गेला. १८ ते ३५ वयाचे पुरुष आणि १८ ते २७ वयाच्या स्त्रिया त्याच्या कक्षेत आल्या. मे २०२४ मध्ये पुरुषांच्या परदेशी नोकरीचे परवाने थांबवण्यात आले. त्याआधी, सप्टेंबर २०२३ पासून, परदेशी मजुराने आपल्या कमाईचा चतुर्थांश सरकारमान्य मार्गानेच घरी पाठवावा असे फर्मान निघाले होते. सरकारी विनिमय दर बाजारभावाहून बराच खाली असल्याने मधला फरक राजवटीच्या पदरात पडे. तरुणाला जाऊ द्यायचे नाही, गेला तर त्याच्या घामातून वाटा काढायचा, आणि परत आला तर त्याच्या हाती बंदूक द्यायची. ज्या वीस वर्षांच्या मुलाने २०२४ च्या उन्हाळ्यात मोई नदी ओलांडली आणि आठवड्याने तो सेंट्रिंगच्या फळ्या वाहू लागला, तो आर्थिक स्थलांतरित की निर्वासित? मजुरी तर तो घेतोच आहे.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. त्यावर माणसाचे हक्क ठरतात. थायलंडने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या करारावर सही केलेली नाही. १९८४ पासून सरहद्दीवर करेनांच्या आणि इतरांच्या छावण्या आहेत. आज नऊ छावण्यांत मिळून लाखाच्या आसपास माणसे राहतात. चाळीस वर्षे त्यांना नियम असा होता की छावणीत शिधा मिळेल, पण बाहेर जाऊन काम करता येणार नाही. जो बाहेर पडला तो मजूर झाला आणि निर्वासितपणाला मुकला. जो आत राहिला तो निर्वासित राहिला आणि हातापायांनी लुळा झाला. एकाच घरातला थोरला भाऊ बँकॉकमध्ये स्लॅब टाकतो आणि धाकटा माए ला छावणीत शिधा घेतो; दोघांना एकाच पलटणीने गावातून हाकललेले असते. २०२५ च्या आरंभी अमेरिकेने परदेशी मदत तोडली, छावण्यांतले दवाखाने बंद पडू लागले, शिधा आटला. ऑगस्ट २०२५ मध्ये थाई मंत्रिमंडळाने छावणीतल्या नोंदलेल्या निर्वासितांना बाहेर कायदेशीर काम करण्याची मुभा दिली. निर्णय स्वागतार्ह आहे. पण चाळीस वर्षे जी भिंत तत्त्वाची म्हणून सांगितली जात होती ती शिधा संपताच आणि मजुरांची चणचण भासताच कशी खाली आली, हे विसरता कामा नये. निर्वासित एका ठरावाने मजूर होऊ शकतो, याचा अर्थ मजूर आधीपासूनच निर्वासित होता.

भारतातील समाजवादी कार्यकर्त्याला यात करण्यासारखे काय आहे, असा प्रश्न साहजिकच येईल. सहानुभूतीचा ठराव करणे सोपे आहे आणि तो झाला तरी हरकत नाही. त्याहून जवळचे काम असे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या म्यानमारविषयक विशेष प्रतिवेदकाने मे २०२३ मध्ये जो अहवाल दिला, त्यात सत्तापालटानंतर म्यानमारच्या सैन्याकडे गेलेल्या शस्त्रास्त्रांचा आणि संबंधित सामग्रीचा हिशेब होता. त्यात भारतातून गेलेल्या मालाची किंमत सुमारे ५ कोटी १० लाख डॉलर दाखवलेली आहे, आणि पुरवठादारांत सरकारी मालकीच्या संस्थाही आहेत. संसदेत याविषयी प्रश्न विचारता येतो, पुरवठा थांबवण्याची मागणी करता येते. भारतानेही १९५१ च्या करारावर सही केलेली नाही. त्यामुळे थायलंडला उपदेश करण्याआधी मिझोरामात आलेल्या चिन निर्वासितांचे काय, हा प्रश्न दिल्लीला विचारावा लागेल. मार्च २०२१ मध्ये त्यांना अडवण्याचा केंद्राचा आदेश मिझोरामच्या सरकारने आणि जनतेने मानला नाही, ही या सगळ्या हकीकतीतील फार थोड्या चांगल्या गोष्टींपैकी एक आहे. बांधकाम मजुरांत काम करणाऱ्या भारतीय संघटनांना आंतरराष्ट्रीय कामगार व्यासपीठांवर आवाज आहे. थायलंडचा १९७५ चा कायदा बदलावा आणि परदेशी मजुराला स्वतःची संघटना काढता यावी, ही मागणी त्यांनी तेथे मांडावी. चतुचकच्या ढिगाऱ्यात ज्यांची माणसे गेली त्यांतील कित्येकांना भरपाईचा अर्ज कोणत्या भाषेत आणि कोणाच्या सहीने करायचा हेसुद्धा दुसऱ्याला विचारावे लागते.